वारा पडल्यावर

उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग आणि दक्षिणेस तापीचे खोरे, यांच्यामधील काळ्या, सुपीक पट्ट्यात नंदुरबार जिल्ह्याचा शहादा तालुका पसरला आहे. ब्राह्मणपुरी हे त्याच तालुक्यातील एक गाव. येथून समुद्र फार दूर. गावातील कित्येक वृद्ध माणसांनी तो आयुष्यात एकदाही पाहिला नसेल. तथापि वारा म्हणजे काय, हे या पट्ट्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. कारण या भागात केळीच्या बागा आहेत, आणि केळीला वाऱ्याइतके भय दुसऱ्या कशाचेही नाही.

केळ दिसते झाडासारखी. पण ती खरोखरीचे झाड नव्हे. आपण जिला तिचे खोड म्हणतो, ती केवळ पानांच्या बुंध्यांची एकावर एक घट्ट बसलेली गुंडाळी असते. तिच्यात लाकूड नाही. तिची मुळे जमिनीत खोलवर जात नाहीत. पाने मात्र शिडासारखी रुंद; आणि घड लागला, की त्याचे सारे ओझे माथ्यावर! अशा नाजूक शरीरावर संसार उभा करावयाचा, म्हणजे वाऱ्याशी कायमचे नाते जोडणेच होय. म्हणूनच शहाणा शेतकरी बागेच्या कडेने शेवरीची दाट रांग लावतो आणि घडाच्या ओझ्याने वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू देतो.

वैशाख सरत आला, की जमीन भाजून निघते. एखाद्या दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडे धुळीची मातकट भिंत उभी राहते. दावणीची गुरे कान टवकारतात. अंगणातील वाळवण आत नेण्याची एकच धांदल उडते. पाहता पाहता वारा येतो, अर्धा तास थैमान घालतो आणि जसा आला तसा पडतो. मागे चार टपोरे थेंब आणि ओल्या मातीचा वास राहतो. बागेचा धनी हातात बॅटरी घेऊन शेताकडे धावतो. त्याला तेथे जे दिसते, ते वर्णन करून सांगण्यासारखे नसते. वर्षभर पाणी घालून वाढविलेली बाग अंथरूण घातल्याप्रमाणे एका अंगावर निजलेली असते.

अशा वेळी खानदेशातील माणूस फारसे बोलत नाही. सकाळ होते. बांधावर शेजारी येऊन उभा राहतो. त्याच्या हाती कोयता असतो. मागोमाग दुसरा येतो, तिसरा येतो. “काय झाले?” असे कोणी विचारीत नाही, ते दिसतच असते. सांत्वनाचे शब्दही कोणी काढीत नाही. जे घड भरत आले असतील, ते आधी उतरवून घ्यावयाचे. कारण उन्हात पडलेला माल दोन दिवसही टिकत नाही. भाव पडून मिळेल. पण जे हाती येईल ते घ्यावयाचे. दुपारी घरोघरच्या भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा बांधावर येतो. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात. यालाच मराठीत सावड म्हणतात. सावडीत मजुरीचा हिशेब नसतो. पण आठवण असते. ज्याने हात दिला, त्याच्या अडचणीत आपला हात गेला पाहिजे, एवढीच तिची वही.

या गडबडीत एखादे लहान मूल आजोबांच्या मागे मागे हिंडत असते. ते हळूच विचारते, “आबा, आपली बाग संपली ना?”

आजोबा वाकतात. मोडलेल्या केळीच्या बुडाशी साचलेला पालापाचोळा हाताने दूर करतात. तेथे तलवारीच्या पात्यासारखा एक हिरवा कोंब वर आलेला असतो. “संपली कशी? हा मुनवा बघ. वरची केळ पडली, कंद जागेवरच आहे. याला नीट जपले, तर वरीस-सव्वा वरसात हाही घड देईल.”

मुलाचे समाधान होते. आजोबांचे अर्धेच होते. कारण बाग उभी करण्यासाठी काढलेले कर्ज मुनव्याची वाट पाहत नाही. तरी पण एक वर्ष म्हणजे मोजता येण्यासारखा काळ होय. एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा कसाबसा ओलांडला, की पुन्हा उभे राहता येते.

पण साऱ्याच पिकांच्या नशिबी मुनवा नसतो. वाऱ्याने पाडलेले काही एका वर्षात परत येते, आणि काही परत येण्यास माणसाचे अर्धे आयुष्य लागते. हे पाहावयाचे असेल, तर ब्राह्मणपुरीच्या बांधावरून निघून पश्चिम समुद्राच्या काठी, रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन आणि दिवेआगर या गावांकडे जावे लागेल.

श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांच्या घराण्याचे गाव. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्या आत कौलारू घर, घरामागे विहीर आणि विहिरीपलीकडे वाडी, अशी या किनाऱ्यावरील जुनी मांडणी. वाडीत माड असतात, जायफळे असतात, मिरीचे वेल असतात. पण खरी सत्ता पोफळींची. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. हाताच्या दोन पंजांत मावेल असे सडपातळ खोड सरळ आकाशात चढते आणि माथ्यावर पानांचा लहानसा झुबका धरते. अशा शेकडो पोफळी जवळजवळ उभ्या असल्या, की भर दुपारीही वाडीत थंड, हिरवा अंधार राहतो. श्रीवर्धनची सुपारी दूरवर नावाजलेली आहे, आणि कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही याच गावी आहे. पोफळीला फळ धरण्यास पाच ते आठ वर्षे लागतात. एकदा धरले, की मग ती कितीतरी वर्षे देतच राहते. आजोबांनी लावावी, मुलाने शिंपावी आणि नातवाने वेचावी, असे हे झाड.

या वाड्यांवर २०२० साली चक्रीवादळ आले.

ब्राह्मणपुरीकडील वावटळ आणि समुद्रावरील चक्रीवादळ यांत कुळाचे नाते असले, तरी आकाराचे अंतर फार मोठे आहे. समुद्राचे पाणी सुमारे २७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापले, की त्यावरील दमट हवा वेगाने वर चढू लागते. तेथे हवेचा दाब कमी होतो आणि सभोवारची हवा ती जागा भरण्यास धाव घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही धावणारी हवा सरळ न जाता वळते, आणि आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगर फिरू लागते. शेकडो किलोमीटर रुंदीचे हे चक्र असते, आणि त्याच्या मध्यभागी शांत असा ‘डोळा’ असतो. अटलांटिक महासागरात याला हरिकेन म्हणतात, प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात टायफून म्हणतात आणि आपल्याकडे सायक्लोन. हा सायक्लोन शब्द एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी रूढ केला. सापाच्या वेटोळ्याची आठवण करून देणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यांना तो सुचला होता.

पूर्वीच्या काळी असे वेटोळे केव्हा येऊन पडेल, हे किनाऱ्यावरील माणसाला कळत नसे. आता उपग्रह त्याच्यावर पाळत ठेवतात. सूचना वेळेवर मिळाली आणि ती मानली, तर काय घडते, हे ओडिशा राज्याने दाखवून दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ हे प्रचंड चक्रीवादळ त्याच राज्यावर आदळले. परंतु त्यापूर्वीच दहा लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी हलविण्यात आले होते. मृतांची संख्या शंभराच्या आतच राहिली. वारा थांबविता येत नाही. पण वाऱ्याच्या वाटेतून माणूस बाजूला नेता येतो.

श्रीवर्धनलाही सूचना मिळाली होती. बांगलादेशाने सुचविलेले त्या वादळाचे नाव होते ‘निसर्ग’. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या गेल्या. कच्च्या घरांतील माणसे शाळांत आणि इतर पक्क्या इमारतींत नेण्यात आली. त्या वेळी कोरोनाची साथ चालू होती. एकमेकांपासून दूर राहा, असे आरोग्यखाते सांगत होते. आणि एका छपराखाली एकत्र या, असे वादळ सांगत होते. तोंडाला फडकी बांधून माणसे भिंतींना टेकून बसली.

३ जून २०२०, बुधवार. दुपारच्या सुमारास श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात वादळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, आणि मधूनच तो १२० पर्यंत जाई. पत्रे कागदासारखे उडाले. कौले सुटली. विजेचे लोखंडी खांब गुडघ्यात मोडल्याप्रमाणे वाकले. सर्वांत भयंकर होता तो वाडीतून येणारा आवाज. पोफळी एकामागून एक मोडत होत्या, आणि प्रत्येक मोडण्याचा स्वतंत्र कडाका घरात बसलेल्या माणसांना ऐकू येत होता. मग वादळ ईशान्येकडे सरकत गेले आणि हळूहळू विरून गेले. वारा पडला.

माणसे दार उघडून बाहेर आली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसले ते आकाश. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिरवी सावली होती, तेथे आता उघडे आकाश होते. पायवाट कोठे होती, ते ओळखू येईना. गडगे, विहिरी, पाट, सारे आडव्या खोडांखाली गडप झाले होते. सूचना वेळेवर मिळाल्यामुळे मनुष्यहानी फार थोडी झाली, ही मोठी भाग्याची गोष्ट. पण ज्यांच्या जिवावर माणसे जगत होती, ती झाडे पडली होती.

येथून पुढे जे घडले, त्याला वादळासारखा आवाज नव्हता. ते दिवसेंदिवस चालणारे, कष्टाचे आणि साधे काम होते.

वीज गेली म्हणजे केवळ दिवा जातो, असे आपण समजतो. वास्तविक तिच्याबरोबर विहिरीवरचा पंप जातो, पिठाची गिरणी जाते, दूरच्या मुलाची खुशाली सांगणारा मोबाईल जातो. शाळा तर साथीमुळे बंदच होत्या. मोबाईलवरचा अभ्यासही आता बंद पडला. काही गावांत कित्येक आठवडे अंधार होता. मग ज्या घरी जुना रहाट शिल्लक होता, ते घर गावाचे पाणवठे झाले. माळ्यावर पडलेली दोरी आणि पोहरा खाली आला. ज्यांना झावळ्यांचे झाप विणता येत होते, अशा म्हाताऱ्या बायकांना एकाएकी मान आला. कारण पाऊस दाराशी होता, पत्रे मिळत नव्हते, आणि पडलेल्या माडांच्या झावळ्या मात्र अंगणात ढिगांनी होत्या. जे ज्ञान जुने म्हणून बाजूला पडले होते, त्यानेच त्या पावसाळ्यात काही घरे झाकली.

रस्ते मोकळे करण्यासाठी आपत्ती निवारण दलाचे जवान आले. राज्याच्या इतर भागांतून महावितरणचे कामगार आले. ज्या वाटांनी वाहन जात नव्हते, तेथे विजेचे खांब माणसांनी खांद्यावरून नेले. भर पावसात, चिखलात खड्डे खणले गेले. ज्या संध्याकाळी गावात पहिला दिवा लागला, त्या संध्याकाळी तो खांबावर चढलेला मनुष्य कोणत्या जिल्ह्याचा, हे कोणी विचारले नसेल. पण त्याच्यासाठी चहा मात्र अनेक घरांतून आला असेल.

छप्पर झाले, पाणी झाले, वीज आली. आता सर्वांत अवघड प्रश्न उरला होता, तो वाडीचा.

सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये मदत जाहीर केली. ही रक्कम पूर्वीपेक्षा बरीच मोठी होती. परंतु कोकणातील वाडी हेक्टरात नव्हे, गुंठ्यांत मोजतात. एका हेक्टरात सुमारे १०० गुंठे. म्हणजे एका गुंठ्यास सुमारे ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी असलेल्या कुटुंबास ५,००० रुपये मिळणार, आणि पडलेली झाडे तोडून, उचलून वाडी मोकळी करण्याची मजुरीच त्याहून अधिक! म्हणून मदत क्षेत्रावर नव्हे, झाडावर मोजावी, अशी मागणी बागायतदारांनी केली. हिशेब चुकीचा नसतानाही न्याय अपुरा पडू शकतो, हे या साध्या गणितावरून ध्यानात येते.

जी झाडे वाचली, त्यांचीही धडगत नव्हती. सावलीत वाढलेल्या पोफळीच्या खोडाला एकाएकी उघडे ऊन सोसत नाही, ते करपते. म्हणून वाचलेल्या खोडांना जुनी पाने गुंडाळून बांधावी लागतात. आणि नवे रोप लावावे, तर फळ येण्यास पाच ते आठ वर्षे! तोपर्यंत घर कशावर चालवावयाचे? अनेक घरांतील मुले पोटासाठी मुंबईस गेलेली. तिकडून फोन येई, “आप्पा, आता वाडी पुरे झाली. तुम्ही दोघे इकडे या.” या बोलण्यात प्रेम होते, आणि ते खोटेही नव्हते. सत्तरीच्या माणसाने आठ वर्षांचा बेत कोणत्या भरवशावर करावा?

अशा घरांतून तेव्हा जे संवाद झाले असतील, त्यांची कल्पना करणे कठीण नाही. आजोबा ओसरीवर बसून राहतात. वाडीकडे पाठ करून बसतात. आजी काही दिवस हे पाहते, आणि मग म्हणते, “अहो, रोपे तरी आणून ठेवू या. लावायची की नाही, ते मग बघता येईल.” रोपे येतात. विहिरीपाशी पिशव्यांतून ओळीने उभी राहतात. त्यांना पाणी घालावेच लागते. पाणी घालता घालता आजोबांची पाठ हळूहळू वळते. एके सकाळी ते कुदळ मागतात. तोवर शेजारची दोन मुलेही खड्डे खणण्यास आलेली असतात.

सर्वच वाड्या अशा उभ्या राहिल्या, असे म्हणणे खरेपणाचे होणार नाही. मनुष्यबळ आणि पैसा नसेल, तर नुसत्या हिमतीने वाडी उभी राहत नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ नावाचे दुसरे चक्रीवादळ कोकणाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले आणि १७ मे रोजी रात्री गुजरातवर आदळले. नुकतीच शाकारलेली छपरे काही ठिकाणी पुन्हा उडाली. ज्यांनी एकदा धीर धरला होता, त्यांना तो पुन्हा धरावा लागला. मात्र आदल्या पावसाळ्यात लावलेली रोपे तेव्हा जेमतेम गुडघ्याएवढी असतील. अशा लहान रोपांच्या डोक्यावरून वारा निघून जातो.

त्या वर्षी मातीत गेलेल्या पोफळी आता फळ धरण्याच्या वयाला आल्या आहेत. आणि त्यांच्या वाढीची एक गोष्ट ब्राह्मणपुरीच्या मुलांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही. उंच झाडे पडून वाडी उघडी झाली, की नव्या रोपांना सावली कोठून द्यावयाची? त्यासाठी बागायतदार दोन रोपांच्या मध्ये केळी लावतात. केळ लवकर वाढते, रुंद पाने पसरते आणि शेजारच्या रोपावर सावली धरते. वर्ष-दीड वर्षात घड देऊन ती घरात चार पैसेही आणते. पोफळ स्वतःच्या बळावर उन्हात उभी राहीपर्यंत केळीच्या पिढ्या तिच्या शेजारी येतात आणि जातात.

खानदेशात जी अर्ध्या तासाच्या वाऱ्याने मोडून पडते, तीच ही केळ. तिच्यापाशी लाकडाचे बळ नाही, खोल मुळे नाहीत. पण ती लवकर सावरते. आणि जी झाडे सावरण्यास वेळ घेतात, त्यांना ती तेवढा काळ उन्हापासून वाचविते. संकटानंतर गावातही असेच असते. कोणी आठवड्यात उभा राहतो, कोणाला वर्ष लागते, कोणाला दहा वर्षे. जो आधी उभा राहिला, त्याने उशिरा उठणाऱ्यास उतावळेपणाने हाका मारू नयेत. त्याच्या बाजूला उभे राहून थोडी सावली धरावी.

ब्राह्मणपुरीच्या शिवारात पुन्हा वैशाख येईल. पश्चिमेकडे पुन्हा मातकट भिंत उभी राहील. काही केळी पडतील, काही शेवरीच्या आडोशाने वाचतील. वारा पडल्यावर बांधावर कोयते घेऊन माणसे येतील. आणि कोणी लहान मूल वाकून, पाचोळा बाजूला सारून, हिरवा मुनवा शोधू लागेल.